कोतवालाचा खोकला

मुलांनो, तुमच्यापैकी कुणीतरी समोरच्याचं बोलणं पुरतं ऐकण्याआधीच 'हो' म्हणतं. कोण, ते विचारायचं नाही. शेजारच्याकडे बघायचंही नाही. जो म्हणतो त्याला ते माहीत आहे, आणि आत्तासुद्धा तो मान डोलावतो आहे.

त्याला डोलावू द्या. आपण गोष्ट ऐकू.

एका जंगलात, जिथे साग आणि ऐन दाटीवाटीनं उभे होते आणि दोघांनाही त्याची तक्रार नव्हती, तिथे मोतीराम नावाचा एक हत्ती राहत असे. तो लहानाचा मोठा झाला एका देवळात. पुढे देवळाला त्याचं खाणं झेपेना. पुजाऱ्यांनी त्याच्या कपाळाला गंध लावलं आणि त्याला रानाच्या वेशीवर आणून सोडलं.

"जातो म्हणू नये, येतो म्हण," पुजारी म्हणाले.

"येतो," मोतीराम म्हणाला.

आणि दुसऱ्या दिवशी सकाळी तो देवळात परत आला. येतो म्हणाला होता ना. त्याला पुन्हा रानात सोडायला अख्खं गाव लागलं, आणि या वेळी कुणी त्याला काहीही म्हणायला सांगितलं नाही.

तर मोतीराम असा होता. शब्द कानावर पडला की तो ते काम करायचा. सांगितलं तेवढंच आणि सांगितलं तसंच. "ओंडका उचल" म्हटलं की ओंडका उचलला जाई. कुठे ठेवायचा ते सांगितलं नाही तर तो उचललेलाच राही. काम झालं की मोतीराम काही बोलत नसे. तो गप्प उभा आहे म्हणजे काम झालं, असं समजायचं. नव्या प्राण्यांना वाटे, हा आपल्यावर रुसला.

जंगलाला मोतीराम फार आवडला. इतकी ताकद आणि इतका कमी वाद, असं त्यांनी आजवर कुठे पाहिलं नव्हतं.

मग एक दिवस एका सांबरानं त्याला आपल्या माळावर नेलं. माळावर पालापाचोळा पडला होता.

"मोतीराम, इथलं सगळं साफ कर," सांबर म्हणालं आणि पाणी प्यायला गेलं.

ते परत आलं तेव्हा पालापाचोळा नव्हता. गवत नव्हतं. बोरी नव्हत्या. ज्या मोहाखाली ते दुपारी रवंथ करायचं, तो मोहही नव्हता. मोकळ्या मैदानाच्या मधोमध मोतीराम गप्प उभा होता.

जंगलाची पंचायत बसली. सरपंच होता एक गवा. अंगानं डोंगर आणि चालणं असं की वाट आपणहून बाजूला सरकावी. सगळे त्याला आण्णा म्हणत. पंचायतीचा कारभार बघायला एक तरस होतं, त्याला सगळे भाऊसाहेब म्हणत. भाऊसाहेब दर वाक्याला हसत. त्यांना गंमत वाटायची असं नाही, तरसाचा आवाजच तसा असतो.

"मोतीरामाला काम सांगण्याआधी कुणीतरी विचारायला हवं, नक्की ना म्हणून," आण्णा म्हणाले.

हे शहाणपणाचं होतं. पंचायतीच्या हातून कधीकधी असं होतं, मुलांनो. त्यासाठी तिला नावं ठेवू नका.

या कामावर कोतवाल नेमला गेला. कोतवाल पक्षी तुम्ही पाहिला असेल. काळा कुळकुळीत, शेपटीला दोन फाटे, गुरांच्या पाठीवर बसून सगळ्या जगाची काळजी करणारा. तो मोतीरामाच्या पाठीवर बसला, आणि पहिल्याच दिवशी त्यानं एक फार चांगला प्रश्न विचारला.

"मोतीरामा, असा कुठला शब्द आहे, जो तुला आमच्यापेक्षा वेगळा कळतो?"

मोतीरामानं कान हलवले. त्याला आजवर हे कुणी विचारलं नव्हतं.

"वाढव," तो म्हणाला.

त्याचं असं होतं. देवळात नारळ 'फोड' असं कुणी म्हणत नाही. ते अशुभ. नारळ 'वाढव' म्हणायचं. आणि देवळात मोतीरामाचं मुख्य काम तेच होतं. गर्दीच्या दिवशी पायरीवर नारळ ठेवले जात, पुजारी म्हणत "वाढव", आणि मोतीराम त्यांच्यावर पाय ठेवी. त्यामुळे 'वाढव' ऐकलं की त्याचा उजवा पाय उचललाच जाई.

कोतवालानं हे नीट लक्षात ठेवलं. त्याच्याकडे आता तीन इशारे झाले. कुणी 'सगळं' म्हणालं तर विचारायचं, सगळं म्हणजे काय काय. कुणी झाड पाडायला सांगितलं तर सांगायचं, पाडलेलं झाड पुन्हा उभं राहत नाही. आणि कुणी 'वाढव' म्हणालं तर सांगायचं, याला ते 'फोड' असं ऐकू येतं.

तीन इशारे. पहिले काही महिने प्राणी थांबून ऐकत, विचार करत आणि मगच 'हो' म्हणत. कधीकधी 'नको' सुद्धा म्हणत.

मग एका साळिंदराच्या पायावर दगड पडला. पंचायतीनं चौथा इशारा काढला: दगड जड असतो. मग एक रानडुक्कर चिखलात घसरलं. चिखल निसरडा असतो. मग एका माकडानं मोतीरामाला आंबे पाडायला सांगितले आणि ते खाऊन त्याचं पोट दुखलं. आंबे जपून खावेत. प्रत्येक दुखण्यानंतर भाऊसाहेब हसत आणि एक इशारा वाढे.

थोड्याच दिवसांत "एक ओंजळ पाणी उडव" म्हटलं तरी कोतवाल सुरू होई. पाणी ओलं असतं. ओल्यानं सर्दी होते. उडवलेलं पाणी परत येत नाही. नक्की?

"हो," प्राणी म्हणत.

मग ते "हो" आधीच म्हणू लागले. नमस्कार करावा तसं. "हो, मोतीराम, जरा ती फांदी दे." पुढे एकानं शक्कल काढली. त्यानं एका पोपटाला पेरूच्या बोलीवर जांभळाच्या फांदीवर बसवलं. पोपट दिवसभर "हो हो हो हो" म्हणत राही. कोतवाल काहीही विचारो, उत्तर तयार. सगळे तोच पोपट वापरू लागले. त्या पोपटानं आयुष्यात कधी कशाला नाही म्हटलं नाही, आणि तो जंगलातला सगळ्यात जबाबदार प्राणी ठरला.

आता या गोष्टीतली जी खरी बाई, तिच्याकडे येऊ.

तिचं नाव तेरणा. ती पाणमांजर होती, तरुण होती, आणि तिला सगळं लवकर हवं असे. डोंगराच्या पायथ्याशी एक तळं होतं, त्याचा मातीचा बांध सांभाळणं तिच्याकडे होतं. तळ्याच्या काठाला, मुळांच्या जाळीत, तिची तीन पिल्लं होती. मुलांनो, पाणमांजराच्या पिल्लांना पोहता येत नाही. तुम्हाला वाटलं असेल येतं. आईला त्यांची मान धरून पाण्यात ओढावं लागतं, आणि ती बोंबलत बोंबलत शिकतात. तेरणाची पिल्लं अजून बोंबलायच्या पायरीवर होती. ती शिकेपर्यंत तळं टिकायला हवं होतं. तळ्यात मासे होते, तळ्यात शाळा होती, आणि दुसरीकडे जायचं तर तिघांना तोंडात धरून न्यायला तिला तोंड एकच होतं.

म्हणून तेरणा रोज मोतीरामाला काम सांगे. दगड आण. माती टाक. थापट. आणि रोज कोतवाल सांगे, दगड जड असतो.

"मला माहीत आहे रे," तेरणा म्हणे.

"नक्की?"

"कालही माहीत होतं. परवाही होतं. माझ्या आजीला माहीत होतं."

"आजीचं मला विचारायला सांगितलेलं नाही, तेरणाताई. तुमचं नक्की?"

पोपट वापरायला तेरणा तयार नव्हती. तिचं म्हणणं, 'हो' म्हणायचं असेल तर आपल्या तोंडानं म्हणावं, नाहीतर तो शब्द वाया जातो. ती असल्या गोष्टींवरून फार चिडायची. तिच्या वयात चिडतात. नंतर बरेच जण सोडून देतात.

ती पंचायतीपुढे गेली. पंचायत खालच्या सपाटीवर, तळ्याच्या उतारानं जरा पुढे, एका मोठ्या खडकाभोवती भरे.

"आण्णा, मला इशारे बंद नकोत," ती म्हणाली. "मला जे कळलेत ते इशारे बंद हवेत."

"म्हणजे बंदच ना?"

"नाही. प्रत्येक इशाऱ्याला नाव द्या. दगड जड असतो हे मला समजलं, की मी म्हणेन, 'दगडाचं गप.' मग कोतवाल फक्त दगडाबद्दल बोलणार नाही. झाडाबद्दल बोलेल. उद्या नवीन काही निघालं तर त्याबद्दलही बोलेल. आणि हे माझ्यापुरतं. माझं पिल्लू उद्या मोतीरामापुढे उभं राहिलं, तर त्याला पहिल्यापासून सगळं ऐकवा."

"आणि कुठलं नाव घ्यायचं, हे प्राण्यांना कसं कळणार?" भाऊसाहेबांनी हसून विचारलं.

"इशाऱ्याच्या शेवटीच सांगायचं. 'दगड जड असतो. हे पुन्हा ऐकायचं नसेल तर दगडाचं गप म्हणा.' एवढंच."

कोतवाल खडकाच्या टोकावर बसून ऐकत होता. त्यानं शेपटी दोनदा हलवली. त्याला हे बरं वाटलं होतं, पण त्याचं मत विचारलं गेलं नव्हतं.

"आणि तू गप म्हणालीस आणि दगड पायावर पडला तर?" आण्णांनी विचारलं.

"तर माझा पाय दुखेल."

"आणि तू म्हणशील, पंचायतीनं सांगितलं नाही."

"मी कशाला असं म्हणेन? मीच म्हणाले असेन ना गप."

"सगळे म्हणतात," आण्णा म्हणाले. त्यांच्या आवाजात थकवा होता, कारण हे खरं होतं. "बाळ, इशारा बंद करायचा हक्क दिला की जबाबदारी कुणाची, याचा घोळ होतो. सगळ्यांना सगळं सांगितलं की घोळ नाही."

"पण कुणी ऐकत नाही, आण्णा."

"ऐकणं त्यांच्याकडे. आपण सांगितलं."

तेरणा परत आली ती दातओठ खात. वाटेत तिनं एका खेकड्यालाही तडातडा सुनावलं, खेकड्याचा काही संबंध नसताना.

त्याच आठवड्यात आण्णांच्या पाठीला खाज सुटली. गव्याच्या पाठीला खाज सुटते तेव्हा ती गव्याला पोहोचत नाही. आण्णा मोतीरामापुढे जाऊन उभे राहिले.

"मोतीराम, फांदी घे आणि माझी पाठ खाजव."

"फांदी टोकदार असते," कोतवाल म्हणाला. "खाजवल्यानं खाज वाढते. पाठ मागे असल्यामुळे तुम्हाला दिसणार नाही. हत्तीचा जोर..."

"अरे, मी सरपंच आहे."

"सरपंचांची पाठही मागेच असते, आण्णा. हत्तीचा जोर कमीजास्त होऊ शकतो. फांदीवर मुंग्या..."

"गप."

कोतवाल गप्प बसला. मोतीरामानं पाठ खाजवली. आण्णांनी डोळे मिटले. इतका शांत, इतका सुंदर क्षण त्यांच्या वाट्याला कित्येक दिवसांत आला नव्हता. कुठल्याही सुधारणेला हाच क्षण लागतो, मुलांनो. वरच्याला खाज सुटावी लागते.

पुढच्याच बैठकीत आण्णांनी जाहीर केलं, की प्राण्यांच्या मागणीचा पंचायतीनं सहानुभूतीनं विचार केला आहे. यापुढे काम सांगण्याआधी 'गप' म्हटलं, की कोतवाल कशाबद्दलच बोलणार नाही. सगळे आनंदानं ओरडले.

"हे मी मागितलं नव्हतं," तेरणा म्हणाली.

"गपच मागितलं होतंस ना?"

"दगडाचं गप. चिखलाचं गप. जे मला माहीत आहे त्याचं. हे तर जे मला माहीत नाही त्याचंही गप आहे."

"तुम्हा तरुणांना काही दिलं तरी कमीच," भाऊसाहेब हसत म्हणाले. "इतकी नावं कोण लक्षात ठेवणार? एक शब्द आहे. छोटा आहे. कुणालाही उच्चारता येतो."

तेरणानं मनाशी ठरवलं, आपण हा शब्द वापरायचा नाही.

दुपारपर्यंत तिनं तो वापरला नाही. दुपारी पिल्लं भुकेनं रडत होती, मोतीरामाच्या सोंडेत दगड होता, आणि कोतवाल तिला चिखलाबद्दल सांगत होता. तेरणा म्हणाली, "गप." कोतवाल गप्प झाला, दगड जागेवर बसला, आणि पिल्लांना मासा मिळाला. काही वाईट घडलं नाही. त्यामुळे संध्याकाळी तिनं तो पुन्हा वापरला.

मग भाऊसाहेबांनी आणखी एक सोय केली. प्रत्येक वेळी गप म्हणायचा त्रास कशाला? एकदाच 'कायमचं गप' म्हणावं.

तेरणा मोतीरामापुढे उभी राहिली. तिच्या तोंडात एक पिल्लू होतं. ते तिनं खाली ठेवलं. ते लगेच पळालं.

"कायमचं गप," ती त्याच्या मागे धावता धावता म्हणाली.

"तेरणाताई, थांबा," कोतवाल म्हणाला. "हा माझा शेवटचा. कायमचं गप म्हटल्यावर, तुम्ही कायमचं गप म्हटलंय, याचीसुद्धा आठवण मला करून देता येणार नाही. आणि माझे पहिले तीन इशारे..."

"हो," तेरणा म्हणाली. पिल्लू सापडलं होतं.

त्यानंतरचे दिवस फार सुखाचे गेले. बांधाची कामं भराभर झाली. तेरणा विसरूनही गेली, की मोतीरामाच्या पाठीवर एक पक्षी असतो. तो बिचारा तिथेच बसून किडे खाई आणि चिंता करी.

मग वरच्या डोंगरात पाऊस लागला. तळ्यात पाणी येऊ लागलं. एका दुपारी तेरणा बांधावर गेली तेव्हा पाणी काठाला टेकायला आलं होतं. आणखी थोडं आलं की ते बांधावरून वाहणार, आणि वाहू लागलं की माती खात जाणार. बांध थोडा उंच केला की काम भागणार होतं. माती तयार होती. दगड रचलेले होते. पिल्लं काठावर बसून पाण्याकडे बघून आधीच बोंबलत होती.

रोज ती म्हणायची, माती टाक, दगड ठेव, थापट. एकेक काम, एकेक शब्द. आज घाई होती, आणि सगळं एका शब्दात सांगण्यासारखा शब्द मराठीत होता.

"मोतीराम," ती म्हणाली, "बांध वाढव."

मोतीरामाचा उजवा पाय उचलला गेला.

कोतवालानं चोच उघडली. मग मिटली.

तो मनानं भला पक्षी होता. पण भल्यांची एक अडचण असते, नियम मोडायलासुद्धा त्यांना आधी परवानगी हवी असते. बोलायचं तर बंदी. तोंडावर पंख फडफडवणं म्हणजे बोलणं होईल का? कदाचित होईल. मग त्याला सुचलं की खोकला हा इशारा धरावा की आजार, याबद्दल पंचायतीनं काही ठरवलेलं नाही.

कोतवाल खोकला.

तेरणा पिल्लांना मागे ओढत होती.

कोतवाल पुन्हा खोकला. घसा फाटेल असा खोकला. मोतीरामाचा पाय आता पुरता वर गेला होता. हत्तीचा पाय वर जातो तो सावकाश, तेवढं एक बरं असतं.

"कोतवाल, गवती चहा घे रे," तेरणा मान न वळवता म्हणाली. "आणि जरा पलीकडे होऊन खोक, पिल्लांना लागेल."

कोतवालानं पुन्हा चोच उघडली, आणि या वेळी बहुतेक तो बोलणारच होता. पण पाय खाली आला.

बांध वाढला. देवळात वाढतो तसा.

पुढचं सगळं एकदम झालं. तळं उठलं आणि निघालं. तेरणा पिल्लांवर झेपावली, तेव्हा पिल्लं तिथे नव्हती. तपकिरी पाण्यात तीन बोंबा तरंगत उताराला लागल्या होत्या. तेरणानं उडी टाकली. ती इतक्या वेगानं कधी पोहली नव्हती, आणि तरीही पाणी तिच्या पुढे होतं, कारण पाण्याला काही शोधायचं नव्हतं.

उताराच्या खाली सपाटी होती, आणि सपाटीवर पंचायत भरली होती. विषय होता, इशाऱ्यांच्या सोयीबद्दल भाऊसाहेबांचा सत्कार. आण्णा बोलायला उभे राहिले आणि त्यांच्या पोटापर्यंत पाणी आलं. भाऊसाहेब खडकावर चढून हसू लागले. या वेळीही त्यांना गंमत वाटत नव्हती.

तेरणा वर आली तेव्हा तिला प्रथम आण्णांची शिंगं दिसली. उजव्या शिंगाला एक पिल्लू लटकलं होतं. डाव्याला दुसरं. तिसरं कुठेच नव्हतं.

तेरणा पाण्याखाली गेली. वर आली. पुन्हा खाली गेली. आण्णा हलले नाहीत. त्यांच्याबद्दल काहीही म्हणा, पण दोन्ही शिंगांवर दोन पिल्लं असताना ते तेवढा वेळ मान ताठ धरून उभे राहिले, श्वाससुद्धा बेतानं घेत.

तिसरं पिल्लू एका झुडपामागून आलं. पोहत आलं. वाकडंतिकडं, एका अंगाला कलत, चिडून, पण पोहत. ते आईपाशी पोहोचलं आणि तिच्या कानाला कडकडून चावलं.

वर, फुटक्या बांधापाशी, मोतीराम गप्प उभा होता.

पाणी ओसरल्यावर चौकशी बसली. पाणी तासाभरात ओसरलं. चौकशीला त्याहून बराच जास्त वेळ लागला.

"तू इशारा दिला नाहीस?" आण्णांनी कोतवालाला विचारलं.

"मला गप केलं होतं, आण्णा."

"मग तू खोकलास का?" भाऊसाहेबांनी विचारलं.

"सांगता येत नव्हतं म्हणून."

"म्हणजे खोकला हा इशाराच होता. कायमचं गप असताना इशारा. हे नियमात बसत नाही."

कोतवालानं मान खाली घातली. त्याला एवढंच वाईट वाटत होतं, की आपण आणखी मोठ्यानं खोकायला हवं होतं.

तेरणा पुढे आली. तिचे केस अजून चिखलानं चिकटलेले होते.

"शब्द मी बोलले," ती म्हणाली. "कायमचं गप मीच म्हणाले, आणि त्याचं शेवटचं बोलणं मी ऐकून घेतलं नाही. त्याला काही बोलू नका. पण आण्णा, मी तुमच्याकडे चाळणी मागितली होती. तुम्ही आधी नाही म्हणालात, आणि मग झाकण दिलंत. माहीत असलेले वीस इशारे ऐकायचे नाहीत म्हणून मला तो एक बंद करावा लागला. मला निवडता आलं असतं. मी मोठी आहे, मला तीन पोरं आहेत."

काही प्राण्यांना ते पटल्यासारखं वाटत होतं. पण ओल्या अंगानं फार वेळ पटत नाही.

पंचायतीनं निर्णय दिला. इशारे बंद करता येतात म्हणून बांध फुटला. तेव्हा 'गप' आणि 'कायमचं गप' दोन्ही रद्द. यापुढे सगळे इशारे सगळ्यांना, आणि पूर्वीपेक्षा मोठ्यानं. शिवाय दोन नवे: बांधामागे पाणी असतं, आणि सरपंच खालच्या अंगाला बसतात. आणि एका 'हो'वर भागणार नाही, तीन वेळा म्हणावं लागेल. पोपटानं त्याच बैठकीत पेरू वाढवून मागितले.

तेरणानं त्याच दिवशी पिल्लांना तळ्याच्या मधल्या डबक्यात नेऊन ठेवलं. तळ्याच्या जागी तेवढंच उरलं होतं. डोंगरात पाऊस सुरूच होता. बांध लवकर उभा राहिला तर तळं परत भरेल, नाही राहिला तर पाणी असंच निघून जाईल, आणि तिलाही तोंडात एकेक पिल्लू धरून निघावं लागेल. ती मोतीरामापाशी गेली, पण त्याला काही बोलली नाही. तिनं वर पाहिलं.

"कोतवालदादा, इशारे मोठ्यानं द्यायचे, असं ठरलंय ना?"

"हो."

"कुणीकडे तोंड करून द्यायचे, ते ठरलंय?"

कोतवालानं विचार केला. त्यानं सगळे नियम मनात फिरवून पाहिले.

"नाही," तो म्हणाला, आणि त्याच्या शेपटीचे दोन्ही फाटे जरासे उघडले.

"मग जे मला माहीत आहेत, ते मोतीरामाच्या शेपटीकडे तोंड करून दे. बाकीचे खाली उतरून माझ्या नाकासमोर दे. कुठला कुठे, ते आत्ता ठरवू."

"दगडाचा?"

"शेपटीकडे."

"चिखलाचा?"

"शेपटीकडे. मी चिखलातच राहते आता."

"'सगळं'चा?"

"नाकासमोर."

"आणि 'वाढव'चा?"

तेरणानं फुटक्या बांधाकडे पाहिलं.

"नाकासमोर. आणि मी ऐकायच्या आधी हो म्हणाले तर चोच मार."

"हे नियमात..."

"खोकलाही नव्हता."

कोतवालानं मान हलवली. मग तो शेपटीकडे वळला आणि दगड, चिखल, आंबे, पाणी, सरपंच यांच्याबद्दल मोतीरामाच्या शेपटीला खणखणीत आवाजात बजावू लागला. मोतीरामानं पहिला दगड उचलला.

इकडे पंचायतीनं ठरवलं, की या सगळ्यातून पुढच्या पिढीनं धडा घ्यायला हवा. भाऊसाहेबांनी तो रचला आणि खडकावर उभं राहून, अधूनमधून हसत, सगळ्यांना म्हणून दाखवला. तो असा:

तात्पर्य: इशारा हा ऐकणाऱ्यासाठी नसून देणाऱ्यासाठी असतो. म्हणून बालकांनो, मोठे झालात की सगळ्यांना, सगळ्याचे, सदासर्वकाळ इशारे द्या. कुठला ऐकायचा, हे त्यांना निवडू देऊ नका. निवडता आलं तर ते ऐकू लागतील, आणि मग काही बुडालं तर कोरडं कुणी राहायचं?

भाऊसाहेब इथपर्यंत आले होते, तेवढ्यात तळ्याकाठच्या फांदीवर एक खंड्या येऊन बसला. हा पक्षी मासे पकडायला डोळे मिटून पाण्यात सूर मारतो. तो सासुरवाडीला गेला होता, नुकताच परतला होता, आणि त्याला भूक लागली होती. त्यानं नेहमीच्या जागेवरून नेहमीचा सूर मारला.

बराच वेळ चिखलातून फक्त दोन पाय दिसत होते. मग चोच बाहेर आली, मग डोकं. त्यानं डोळे पुसले आणि आजूबाजूला पाहिलं.

"काय लोक आहात," तो म्हणाला. "खाली पाणी नाही, एवढं सांगायला तुमच्यातलं कुणीच नव्हतं का इथे?"